तिसऱ्या आठवड्यातला नवरदेव

इस्तंबूलमधल्या आमच्या फेरीकोय वस्तीत टक्कल ही लाजेची गोष्ट उरलेली नाही, धंद्याची झाली आहे. माझ्या बोरेकच्या, म्हणजे चीज भरून भाजलेल्या पापुद्र्यांच्या, दुकानापासून हाकेच्या अंतरावर केस लावून देणारी तीन क्लिनिकं आहेत आणि त्यांच्या पाहुण्यांना उतरायला दोन हॉटेलं. सकाळी पहिला ट्रे भट्टीतून बाहेर आला की काळ्या पट्ट्या बांधलेली डोकी दारातून आत यायला लागतात. इंग्लंडची, इटलीची, कुवेतची, कुठकुठली. सगळ्यांच्या अंगात पुढून बटणं लावायचे शर्ट, कारण डोक्यावरून कपडा ओढायचा नाही. सगळ्यांच्या माना ताठ, कारण वाकायचं नाही. चहाचा पेला इतका जपून तोंडाशी नेतात, की वाटावं चहा नाही, डोक्यावरचे केसच सांडतील. पूर्वी मला हसू यायचं. आता मी न सांगता त्यांच्या बोरेकचे बारीक तुकडे करते आणि काटा हातात देते.

या मंडळींना विमानतळावरून आणायचं आणि तीन-चार दिवसांनी परत नेऊन सोडायचं, हे काम माझा धाकटा भाऊ सेझाई करतो. काळ्या काचांची व्हॅन, आत पाण्याच्या बाटल्या आणि मानेभोवती अडकवायच्या उशा. आई लवकर गेली, तेव्हा त्याला मीच वाढवला. मी त्याची आब्ला, मोठी बहीण. त्यामुळे त्याला लाडावण्याचा आणि झापण्याचा हक्क माझाच. इतकी वर्षं डोकी वाहून वाहून आपण अर्धे डॉक्टर झालो आहोत, अशी सेझाईची पक्की समजूत. गल्लीत कुणी आरशापुढे सुस्कारा टाकला, की हा त्याच्या कपाळावर बोट ठेवून सांगणार, "इथून अशी रेघ मारायची, मागचे केस काढून इथे रोवायचे, चौथ्या दिवशी घरी. त्यात काय एवढं!"

आणि या अर्ध्या डॉक्टरचं स्वतःचं कपाळ दरवर्षी थोडं थोडं मागे चाललं होतं. आधी दोन कोपरे आत गेले. मग मधल्या भागात केसांच्या जागी लव दिसायला लागली. उशीवर केस, न्हाणीघराच्या जाळीत केस. आमचा इल्हामी न्हावी बिचारा मागचे केस पुढे ओढून कशीबशी वेळ मारून न्यायचा. कुठल्या समारंभाला गेलं की सेझाई दिव्याखालची खुर्ची टाळायचा आणि फोटोत मागच्या रांगेत कुणाच्या तरी खांद्याआड उभा राहायचा. मी वर्षभर त्याच्या डोक्याला कांद्याचा रस चोळला. केस काही आले नाहीत, व्हॅनमधले पाहुणे मात्र काचा खाली करून बसायला लागले.

त्यात त्याचं जमलं निलायशी. पोरगी सोन्यासारखी, पण नोकरी कुठे? त्या तीनपैकी एका क्लिनिकात. पाहुणा मायदेशी परतला की त्याचे फोटो, प्रश्न, रडारड, सगळं निलायच्या फोनवर येतं आणि ती एकेकाला उत्तर देत बसते. म्हणजे माणूस विमानातून उतरल्यापासून परत विमानात चढेपर्यंत माझ्या भावाचा, आणि पुढचं वर्षभर निलायचा. दोघांनी बसून एकदा जरी कामाच्या गप्पा मारल्या असत्या, तर पुढचा सगळा घोळ टळला असता. पण निलायचा नियमच होता, क्लिनिकाचं दार बंद झालं की कामाचं एक अक्षर बोलायचं नाही. आणि सेझाई तर तिच्यापुढे केस हा शब्दसुद्धा काढायचा नाही.

मागणी घालायला गेलो तेव्हा निलायने रिवाजाप्रमाणे त्याच्या कॉफीत मीठ घातलं. चांगलं मूठभर घातलं असणार, कारण माझ्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण कप त्याने शेवटच्या घोटापर्यंत संपवला. तिचे वडील नाझमी बे, म्हणजे नाझमीसाहेब, काळ्या समुद्राकडचे, राग कायम नाकावर. त्यांनीसुद्धा मान हलवली. जूनमधल्या पहिल्या शनिवारचा हॉल ठरला, पत्रिका गेल्या, त्राब्झोनहून पाहुण्यांची बस ठरली.

आणि वसंत ऋतूत माझ्या भावाचं डोकं फिरलं.

"आब्ला, मला लग्नाच्या फोटोत केस हवेत," तो म्हणाला.

"मग डोक्यावर मांजर घेऊन बस," मी म्हटलं. पण त्याचा चेहरा बघितला आणि पुढची थट्टा गिळली. दुसऱ्याच दिवशी त्याला ओढत सरकारी इस्पितळात डॉक्टर मुअल्ला हानम यांच्याकडे नेलं. हानम म्हणजे आमच्याकडे बाई. वयस्कर, चश्मा नाकाच्या टोकावर, बोलणं तोलूनमापून.

"घरात आणखी कुणाला आहे?"

"मामाला," सेझाई तडक म्हणाला. "हे सगळं मामाकडूनच आलंय."

"आणि बाबांना काय वेण्या होत्या?" मी विचारलं.

डॉक्टर हसल्या. "दोन्हीकडून येतं. एकट्या मामाला शिव्या नका देऊ." मग भिंग लावून त्यांनी कपाळाच्या कडा निरखल्या. "हे बघा, शेजारी शेजारी जाड केस आणि बारीक केस. हीच खूण. पुरुषाच्या अंगात जे हार्मोन असतं ते काही मुळांना सोसत नाही. मुळं लहान होत जातात, केस बारीक येतो, आखूड येतो, मग यायचाच थांबतो. टोपी, शाम्पू, पाणी यांचा काही दोष नाही. आणि कांद्याने केस येत नाहीत." शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून का बोलल्या, मला समजलं नाही. वास येत असावा.

रक्त तपासलं. लोह ठीक, थायरॉइड ठीक. दुसरं काही कारण नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आधी औषध करू. एक रोज लावायचं. सहा महिने तरी धीर धरायचा, आणि सोडलं की फायदा गेला. एक गोळीही आहे. बहुतेकांना चालते, काहींना त्रास होतो."

"कसला त्रास?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "लग्न ठरलंय ना तुमचं? मग ते नीट बोलून, विचार करून ठरवू," त्या म्हणाल्या. सेझाईने त्या गोळीचं नाव पुन्हा काढलं नाही.

"आणि केस लावूनच घ्यायचे तर जरूर घ्या, पण घाई नको. मागच्या केसांचा साठा एकदाच मिळतो, तो जपून वापरावा लागतो. शिवाय लावल्यानंतर पहिले काही महिने..."

"डॉक्टर हानम," माझा भाऊ खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "ते मला नका सांगू. मी रोज त्याच लोकांना विमानतळावर सोडतो. माझ्याइतकी डोकी कुणी पाहिली नसतील."

बाईंनी तोंड मिटलं, चश्मा काढला, लावायच्या औषधाची चिठ्ठी दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मला तेव्हा भावाचा थोडा अभिमानच वाटला. काय ऐटीत बोलतो, असं वाटलं.

लग्नाच्या पाच आठवडे आधी त्याने एका ओळखीच्या क्लिनिकात, अर्थात निलायच्या नव्हे, गुपचूप काम करून घेतलं. निलायला सांगितलं, पाहुणे घेऊन कापाडोक्याला चाललोय. प्रत्यक्षात कापाडोक्या म्हणजे माझ्या घरातला सोफा. मानेत उशी अडकवून हा उताणा पडलेला, आणि मी दुकान सांभाळून त्याच्या तोंडात डाळीचं सूप घालतेय. माझा नवरा वेदात मुळात कमी बोलणारा. तो कामावरून यायचा, सोफ्याकडे बघायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवायचा. मधूनच सेझाई त्या कापाडोक्याहून निलायला फोन करायचा आणि गरम हवेच्या फुग्यातून तिथली दरी कशी दिसते ते सांगायचा.

दहा-बारा दिवसांत खपल्या धुऊन गेल्या आणि खरंच, कपाळावर नवी रेघ दिसायला लागली. बारीक, काळी, सरळ. कोपरेसुद्धा भरलेले. सेझाई आरशापुढून हलेना. "बघ आब्ला! महिन्याभरात एवढे वाढतील!" बोटांनी माप दाखवायचा. मीही खुळ्यासारखी माशाल्ला म्हणत कढईला बोटं टेकवली, दृष्ट लागू नये म्हणून. हे निलायला लग्नाच्या दिवशीच दाखवायचं, तिचे डोळे दिपले पाहिजेत, असं त्याचं ठरलं. तोवर लोकरीची टोपी. मे महिन्यात. निलायने विचारलं तर म्हणायचा, कानाला वारा लागलाय.

तिसरा आठवडा लागला आणि एका सकाळी न्हाणीघरातून आरोळी आली. मी कणकेच्या हातांनी धावले. सेझाई टॉवेल दोन्ही हातांवर पसरून उभा होता. टॉवेलभर ते नवे बारीक केस. त्याने कपाळावरून हात फिरवला, आणखी आले. पुन्हा फिरवला, आणखी.

"हात फिरवू नकोस मेल्या!" मी ओरडले.

आठवडा संपेपर्यंत सगळी रेघ गेली. नुसती गेली असती तरी एक वेळ चाललं असतं. पुढचे त्याचे मूळचे जे चार केस होते, तेही रोवताना भादरले होते, आणि त्यांतलेही बरेच या गळतीत गेले. आधी निदान पुढे ओढायला काहीतरी होतं. आता कपाळ थेट टाळूला जाऊन भिडलं. क्लिनिकातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "होतं असं, घाबरू नकोस."

सेझाईने फोन आपटला. "हेच सांगतात सगळ्यांना! रडणाऱ्या गिऱ्हाइकाला हे काय बोलतात ते मी पुढच्या सीटवर बसून रोज ऐकतो. माझा पैसा, माझं डोकं, सगळं वाया गेलं."

आता तुम्ही म्हणाल, या गल्लीत राहून तुम्हाला एवढंही माहीत नाही? नाही माहीत. आम्ही हजारो डोकी पाहिली, पण सगळी पहिल्या चार दिवसांतली. आणि क्लिनिकाच्या भिंतीवर पाहिली ती एकदम वर्षानंतरची. तिसऱ्या आठवड्यातलं डोकं इस्तंबूलमध्ये कुणी पाहिलेलंच नाही. ते तेव्हा मँचेस्टरला असतं, नाहीतर मिलानला, आपापल्या न्हाणीघरात आरोळ्या मारत.

लग्नाला एक आठवडा उरला असताना सेझाई दुकानात आला आणि गल्ल्याशेजारी उभा राहून म्हणाला, "आब्ला, लग्न पुढच्या वसंतात करू."

मी पीठ लाटत होते. लांब लाटणं हातात होतं, म्हणून तो दोन पावलं मागे सरकला ते बरंच झालं.

"काय म्हणालास?"

"काम वाढलंय म्हणून सांगेन."

"कुणाला सांगशील? नाझमी बेंना? पत्रिका गेल्यात, बस ठरलीय, पोरीचा पोशाख शिवून झालाय आणि तू सांगणार काम वाढलंय? अरे, ते सरळ समजतील तुझी दुसरी कुणीतरी आहे. तो माणूस तुला बॉस्फरसमध्ये बुडवेल, आणि मी त्याला हात देईन!"

"समजू दे," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की माझा रागच अडखळला. "हे डोकं घेऊन मी तिच्याशेजारी उभा राहणार नाही. उद्या सकाळी जाऊन सांगतो." आणि माझ्या घरी जाऊन सोफ्यावर पडला.

गेला आठवडाभर तो निलायचे फोन उचलत नव्हता, हे मला माहीत होतं. पोरगी हातची जाणार, आणि कशापायी, तर चार केसांपायी! दुपारी दुकान बंद करून घरी गेले. सेझाई टोपी काढून झोपला होता. वेदातचा फोन टेबलावर होता. त्याचा नंबर निलायकडे नव्हता, कारण माझा नवरा कुणाला फोन करणाऱ्यातला नाही. मी हळूच सेझाईच्या कपाळाचा फोटो काढला, निलायच्या क्लिनिकाचं कार्ड पर्समध्ये होतं त्या नंबरवर पाठवला आणि खाली लिहिलं, "मी तुरान, कोलोनहून. केस लावले ते सगळे गळाले. माझं वाटोळं झालं का?"

उत्तर लगेच आलं. "प्रिय तुरान बे, घाबरून जाऊ नका. पू, ताप, ठणका किंवा वाढत जाणारी लाली असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. यातलं काही नसेल, तर हे असंच होतं. लावलेला केस पहिल्या दीड-दोन महिन्यांत गळतो, मूळ आत शाबूत असतं. आजूबाजूचे काही केसही धक्क्याने गळतात, तेही बहुतेक परत येतात. तीन-चार महिन्यांनी नवे उगवू लागतात, वर्षभरात भरतात. उन्हात टोपी घाला, नखं लावू नका, आणि आरशात कमी बघा."

मला इतकं हायसं वाटलं की डोळे पुसावे लागले. थांबायला हवं होतं तिथेच. पण माझी जीभ काय आणि बोटं काय, सारखीच. मी लिहिलं, "येत्या शनिवारी माझं लग्न आहे हो. पुढे ढकलू का?"

यावर बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "तुरान बे, कोलोनमध्ये तुमच्या डोक्याखाली जी विणलेली चादर दिसतेय, ती मी डोळे फोडून दोन हिवाळे विणली आणि साखरपुड्याच्या गाठोड्यातून तुमच्या घरी पाठवली. आब्ला, मी दुकानात येतेय. त्याला कुठे जाऊ देऊ नकोस."

मी कपाळाला हात लावला. मग सेझाईला हलवून उठवलं, भट्टी बिघडलीय असं खोटंच सांगून दुकानात आणलं आणि दार उघडून चहा ठेवला. दार उघडं दिसताच काळ्या पट्टीवाले दोघे इंग्रज आत येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. त्यांना बोरेक देतेय तोवर निलाय आली. धावत आली होती, कामावरचं ओळखपत्र अजून गळ्यात.

सेझाईने तिला पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी जागीच भाजून निघाले असते, पण भट्टीपुढे उभं राहून सवय आहे.

"टोपी काढ," निलाय म्हणाली.

"कानाला वारा..."

"सेझाई. सकाळपासून मी इतकी कपाळं बघितलीत की आता एकाने काही फरक पडत नाही. काढ."

त्याने काढली. ती जवळ गेली, त्याचं डोकं दोन्ही हातांनी दिव्याकडे वळवलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "लाली गेलीय. मागची जागा छान भरलीय. हात चांगला आहे ज्याने केलं त्याचा," ती अगदी कामावरच्या आवाजात म्हणाली. आणि मग त्याच दोन्ही हातांनी तिने त्याच्या छातीवर धपका मारला. "आणि हे तू मला सांगितलं नाहीस!"

"तुला... कधी कळलं?"

"कापाडोक्याहून आलास तेव्हाच! मानेवर उशीचा वळ, अंगात बटणांचा शर्ट, आणि मेमध्ये लोकरीची टोपी! अरे, मी याच कामाचा पगार घेते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला मला चकित करायचं होतं ना? म्हटलं, होऊ या चकित. केस तिसऱ्या आठवड्यात गळतील हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल, असं धरून चालले. दिवसभर त्याच लोकांत असतोस तू!" तिचा आवाज फाटला. "आठवडाभर फोन उचलत नाहीस. आई विचारते, मी सांगते, काम आहे त्याला. बाबा विचारतात, मी सांगते, काम आहे त्याला. रात्री उशीत तोंड खुपसून मी विचार करते, याला मी नको झाले. आता तोंडाने कसं सांगायचं म्हणून गप्प आहे."

मला वाटतं, तोवर सेझाईच्या मनात हे आलंच नव्हतं. पुरुषाला आपलं दुःख एवढं मोठं दिसतं, की त्यामागे दुसरं कुणी उभं आहे हे त्याला कळतच नाही. मी खुर्ची पुढे ढकलली, पण कुणी बसलं नाही.

"तू नको झाली नाहीस," तो म्हणाला. "तुला... तुला कपाळातलं सगळं कळतं ना. तू माझ्याकडे बघतेस तेव्हा तुझी नजर इथे वर जाते. मला वाटतं, तू मनात नंबर देतेयस. कोपरे इतके गेले, वर इतकं गेलं. म्हणून म्हटलं, एक दिवस तरी असा यावा की तू बघशील आणि तुला काही सापडणार नाही."

निलायने त्याच्या कपाळावर एक बोट टेकवलं.

"माझी नजर वर जाते," ती म्हणाली, "कारण तुझ्या इथे एक शीर आहे. हसू दाबतोस तेव्हा ती उठते. बाबा ओरडत होते, तू मिठाची कॉफी पीत होतास आणि तोंड असं गंभीर, पण ती शीर उठली होती. तेव्हाच मी ठरवलं, हाच. पण तू केस पुढे ओढून ओढून ती झाकतोस. मग मला कळत नाही, तू रागावलायस की हसतोयस." तिने नाक पुसलं. "दिवसभर लोक मला कपाळं पाठवतात, सेझाई. भुवयांच्या वरचं तेवढं. एकजण चेहरा पाठवत नाही. संध्याकाळी तू समोर येऊन बसतोस, तेव्हा मला नाक-डोळ्यांसकट सबंध माणूस बघायला मिळतो. तूही उद्यापासून नुसतं कपाळच होणार असशील, तर तसं सांग. मी बाबांना सांगते, बस रद्द करा."

दोघे इंग्रज काटे हातात धरून ताठ मानेने हे सगळं बघत होते, एक शब्द कळत नसताना. मी मनातल्या मनात भावाला सांगत होते, बोल गाढवा, आता तरी बोल.

"बस नको रद्द करू," सेझाई म्हणाला आणि रडायला लागला. मग निलाय रडली. मी तर आधीपासूनच रडत होते. तेवढ्यात ट्रे करपल्याचा वास आला.

शनिवारी सकाळी इल्हामी न्हाव्याने आमच्या दारात रस्त्यावरच खुर्ची मांडली. नवरदेवाची दाढी म्हणजे आमच्याकडे सगळ्या गल्लीचा कार्यक्रम. ढोल वाजतोय, सनई वाजतेय, मित्र नाचताहेत, बायका खिडक्यांतून लोंबकळताहेत. सेझाई जिन्यावरून उतरला तो उघड्या डोक्याने. ढोलवाल्याचा एक ठोका चुकला. इतक्या उन्हात ते कपाळ चमकत होतं, आणि साऱ्या गल्लीला ते पहिल्यांदाच संपूर्ण दिसत होतं. माझा जीव मुठीत.

सेझाई खुर्चीत बसला. इल्हामीने गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, साबण फेसला, वस्तरा गालाला लावला आणि रिवाजाप्रमाणे थांबून ओरडला, "वस्तरा चालत नाही हो!" मित्रांनी त्याच्या खिशात नोटा कोंबल्यावर तो चालायला लागला. दाढी झाली. मग त्याने वर बघितलं, मान तिरकी केली आणि म्हणाला, "आणि इथे तर बाबा, मला काही कामच ठेवलं नाहीस."

सगळ्यांत आधी हसला तो सेझाई, खुर्ची डुगडुगेपर्यंत. मग गल्ली हसली, मग सनई पुन्हा सुरू झाली. नाझमी बे त्याला न्यायला आले होते. ते खुर्चीभोवती एक फेरी मारून आले आणि स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "चला, घरात आता मी एकटा नाही."

हॉलमध्ये फोटोवाला आला. पोरगा हुशार होता. दोघांना उभं करून एक फोटो काढला, कॅमेऱ्याच्या मागे बघितलं आणि सेझाईच्या कानाशी येऊन कुजबुजला, पण मी शेजारीच होते. "भाऊ, काळजी करू नका. कॉम्प्युटरवर केस भरून देतो. हल्ली सगळेच करून घेतात. कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी सेझाईकडे पाहत होते. एवढा सगळा आटापिटा त्याने या फोटोसाठीच तर केला होता, आणि आता तो फुकटात मिळत होता. निलायलाही ऐकू गेलं होतं. ती पोशाखाची घडी नीट करत राहिली.

"राहू दे," सेझाई म्हणाला. "असाच छाप. वर्षभराने केस आले की ही म्हणेल, हा कोण. तेव्हा दाखवायला लागेल."

तोच फोटो मी मोठा करून दुकानात लावलाय, गल्ल्याच्या मागे. त्याला वर्ष होऊन गेलं. सेझाईचे केस आले, बऱ्यापैकी आले. डॉक्टर मुअल्ला हानमचं लावायचं औषध तो न चुकता लावतो, कारण उरलेले मूळचे केस टिकवायचे तर ते लागतंच. निलाय त्याला केस पुढे ओढू देत नाही. विमानतळावर माणूस सोडताना तो आता मोडक्यातोडक्या इंग्रजीत बजावतो, तिसऱ्या आठवड्यात सगळं गळेल, कुठलीही गोष्ट पुढे ढकलायची नाही. लोकांना वाटतं, ड्रायव्हर काहीतरी बरळतोय.

क्लिनिकांच्या भिंतींवर आधीचा फोटो असतो आणि नंतरचा असतो. मधला फक्त माझ्याकडे आहे. काळ्या पट्टीवाले चहा घेता घेता त्याच्याकडे बघतात. तो कपाळ टाळूपर्यंत गेलेला नवरदेव, आणि त्याच्याकडे बघून भान विसरून हसणारी नवरी. काल एकजण उठून अगदी जवळ गेला आणि बराच वेळ उभा राहिला. मग स्वतःच्या पट्टीकडे बोट दाखवून त्याने खुणेनेच विचारलं, माझंही असंच होणार?

"होणार," मी मान हलवली.

त्याने पुन्हा फोटोकडे पाहिलं, या वेळी नवरीकडे. मग खिशातून फोन काढला, स्वतःचा अख्खा चेहरा, पट्टी आणि सुजलेल्या डोळ्यांसकट, त्यात घेतला आणि कुणाला तरी पाठवला.